फिरत्या घराची बॅटरी : जुनी अशक्त बॅटरी काय काय सांभाळून घेत होती

आमच्या टेम्पो ट्रॅव्हलरच्या मागच्या बाकाखाली चार वर्षे घरगुती इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी होती. दीडशे अँपिअर-अवरची, आम्लासकट पन्नास किलोंहून जड, आणि मुळात दिवाणखान्याच्या कोपऱ्यात स्थिर उभी राहण्यासाठी बनवलेली. माळशेजच्या वळणांवर तिच्यातले आम्ल हिंदकळत असे, झाकणांच्या कडेने ओल येत असे आणि टर्मिनलवर हिरवट-पांढरी पूड साचत असे, जी दर सहलीनंतर कोमट पाणी आणि खाण्याच्या सोड्याने धुवावी लागे. शेवटच्या वर्षी फ्रिज पहाटेच्या आत बंद पडू लागला, तेव्हा ती बदलण्याचे ठरले. ठाण्यातल्या वागळे इस्टेटमधल्या गॅरेजात मिस्त्री म्हणाले, "साहेब, जुनी काढायची, लिथियम ठेवायची, दोन वायरी आवळायच्या, झालं काम." या सल्ल्याचा अर्धा भाग खरा आहे. उरलेला अर्धा समजून घेतला नाही तर काय होते, ते मी स्वतःच्या खर्चाने शिकलो, आणि हा लेख मुख्यतः त्या उरलेल्या अर्ध्याविषयी आहे.

बॅटरी घेण्याआधी रोजची गरज मोजावी लागते, आणि त्यासाठी महावितरणच्या बिलावरचे युनिट हे सर्वांत ओळखीचे माप आहे. एक युनिट म्हणजे एक हजार वॅट-तास. उन्हाळ्यात आमचा बारा व्होल्टवर चालणारा लहान कॉम्प्रेसर फ्रिज चालू असताना साधारण ४५ वॅट घेतो आणि चोवीस तासांपैकी सुमारे निम्मा वेळ चालतो, म्हणजे दिवसाला साडेपाचशे वॅट-तासांच्या आसपास. पंचवीस वॅटचा पंखा दहा तास चालला की अडीचशे, दिवे ऐंशी, मोबाइल आणि लॅपटॉप मिळून पावणेदोनशे. मिक्सर पाचशे वॅटचा असला तरी तो पाच-सहा मिनिटेच फिरतो, त्यामुळे त्याचे पन्नास. एकूण अकराशे वॅट-तास, म्हणजे एका युनिटहून थोडे अधिक. यात दोन वेळचा स्वयंपाक इंडक्शनवर करायचा म्हटले की आकडा जवळपास दुप्पट होतो. रात्रभर एसी लावायचा असेल तर सरासरी पाचशे वॅट धरले तरी आठ तासांत चार युनिटे लागतात, आणि मग हिशोब वेगळ्याच इयत्तेत जातो. माझे स्पष्ट मत असे की महावितरणच्या खांबापासून दूर राहणाऱ्या दोन माणसांनी गॅस शेगडी आणि पंखा यांवर भागवावे आणि वीज फ्रिजसाठी राखावी.

आता जुन्या बॅटरीकडे पाहू. दीडशे अँपिअर-अवर गुणिले बारा व्होल्ट म्हणजे अठराशे वॅट-तास, असे कागदावर दिसते. परंतु शिशाच्या बॅटरीतून निम्म्याहून अधिक वीज वारंवार काढली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते, म्हणून हाती नऊशेच उरतात. त्यातही एक मेख आहे. डब्यावरचा दीडशेचा आकडा सहसा वीस तासांच्या संथ वापरासाठी असतो, म्हणजे साडेसात अँपिअरने वीस तास. त्याच बॅटरीतून ७५ अँपिअर काढले तर हिशोबाप्रमाणे दोन तास मिळायला हवेत, पण प्रत्यक्षात सव्वा तासाच्या आसपास मिळतात, कारण प्लेटच्या आतल्या छिद्रांपर्यंत आम्ल पोहोचण्याच्या आतच पृष्ठभागावरचा माल संपतो. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटरीत हा तोटा नगण्य असतो. तिच्या १२.८ व्होल्ट, दोनशे अँपिअर-अवरच्या संचातून २,५६० वॅट-तासांपैकी ऐंशी-नव्वद टक्के बिनघोर वापरता येतात आणि वजन पंचवीस किलोंच्या आसपास भरते. म्हणजे निम्म्या वजनात दुपटीहून अधिक वीज.

परंतु गाडीत राहणाऱ्यासाठी याहूनही मोठा फरक चार्जिंगच्या स्वभावात आहे. शिशाची बॅटरी १८५९ साली फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी बनवली आणि तिचा मूळ व्यवहार आजही तोच आहे : वीज देताना दोन्ही प्लेटवर लेड सल्फेट तयार होते आणि चार्ज करताना ते परत विरघळते. हे सल्फेट जास्त दिवस तसेच पडून राहिले तर त्याचे खडे कडक होतात आणि मग ते परत फिरत नाहीत. म्हणून ही बॅटरी वरचेवर पूर्ण भरावी लागते, आणि नेमके पूर्ण भरणेच तिला जड जाते. सकाळी ठाण्याहून सुटणाऱ्या लोकलचा डबा आठवावा. बसण्याच्या जागा क्षणात भरतात, मधली उभी गर्दीही लवकर जमते, परंतु शेवटची माणसे आत शिरायला जो वेळ लागतो तो आधीच्या साऱ्या वेळेहून अधिक असतो. शिशाच्या बॅटरीतला शेवटचा पाचवा हिस्सा असाच कित्येक तास घेतो. दोन-तीन तासांच्या प्रवासात किंवा एका दिवसाच्या उन्हात तो क्वचितच भरतो, बॅटरी कायम अर्धपोटी राहते आणि दोन-तीन वर्षांत खंगते. आमचीही अशीच गेली. मी तिला फार वापरल्यामुळे ती गेली असे मला वाटत होते, पण खरे कारण ती कधीच पूर्ण भरली नाही हे होते.

लिथियम आयर्न फॉस्फेटला अर्धपोटी राहण्याचे काही वाटत नाही. तिच्यात लिथियमचे आयन ऑलिव्हिन नावाच्या खनिजासारख्या स्फटिकात शिरतात आणि बाहेर पडतात, काही विरघळून पुन्हा बसण्याचा व्यवहार होत नाही. हे द्रव्य बॅटरीसाठी उपयोगी आहे हे दाखवणारा निबंध १९९७ साली टेक्सास विद्यापीठातून प्रसिद्ध झाला. त्यावर पहिले नाव अक्षय पाढी यांचे आणि पुढे नंजुंडस्वामी व जॉन गुडइनफ यांची नावे होती. गुडइनफ यांना लिथियम-आयन बॅटरीवरील कामासाठी २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. त्या फॉस्फेटमध्ये ऑक्सिजन घट्ट बांधलेला असतो आणि तापल्यावर सहजी सुटत नाही, म्हणून मोबाइलमध्ये वापरल्या जाणाऱ्या कोबाल्टच्या लिथियमपेक्षा हा प्रकार आगीच्या बाबतीत बराच सौम्य आहे. सौम्य याचा अर्थ न पेटणारा असा मात्र नाही. आतले द्रावण ज्वलनशीलच असते, त्यामुळे गॅस सिलिंडर आणि ही बॅटरी एकाच कप्प्यात ठेवू नये.

इथवर सगळे नव्या बॅटरीच्या बाजूचे झाले. अडचण पुढे सुरू होते. जुनी बॅटरी अशक्त होती, आणि तिच्या त्या अशक्तपणामुळे गाडीतल्या बाकीच्या वस्तूंचे आपोआप रक्षण होत होते. वायर बारीक होती, इंजिनच्या जोरावर वीज बनवणारा अल्टरनेटर लहान होता, चार्जर भलताच होता, तरी काही बिघडत नसे, कारण त्यांच्यावर ताण आणण्याइतकी ताकद बॅटरीतच नव्हती.

वायरीचे उदाहरण माझ्याच बाकाखाली घडले. बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंत सहा चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर होती, जाण्याची तीन मीटर आणि येण्याची तीन. जुन्या बॅटरीवर साडेआठशे वॅटची किटली लावली की मिनिटभरात बॅटरीचा व्होल्टेज खाली बसे, इन्व्हर्टर शिटी वाजवून बंद पडे आणि आम्ही गॅसवर चहा ठेवत असू. लिथियम बसवल्यावर त्याच किटलीत पाणी खळखळून उकळले. मला आनंद झाला, मग रेक्झीन भाजल्यासारखा वास आला. गादी उचलून पाहिले तर लगपाशी, म्हणजे वायरीच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या जोडापाशी, वायरीचे लाल आवरण तपकिरी पडून मऊ झाले होते आणि बोट लावता येत नव्हते. कागदावर मांडले की कारण कळते. बारा व्होल्टवर साडेआठशे वॅट द्यायचे तर इन्व्हर्टरची गळती धरून ऐंशीच्या आसपास अँपिअर वाहतात. सहा मीटर लांब, सहा चौरस मिलिमीटर तांब्याचा अवरोध सुमारे ०.०१७५ ओहम येतो. ऐंशी अँपिअरला तेवढ्यावर १.४ व्होल्ट खर्ची पडतात आणि ११२ वॅटची उष्णता त्या वायरीतच निर्माण होते. म्हणजे शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब गादीखाली पेटवून ठेवल्यासारखे. हीच वायर ३५ चौरस मिलिमीटरची असती तर गळती पाव व्होल्टवर आणि उष्णता एकोणीस वॅटवर आली असती. मी ती वायर बदलली, इन्व्हर्टर बॅटरीच्या जवळ सरकवला आणि लग हातोडीने ठोकून बसवण्याऐवजी हायड्रॉलिक क्रिम्परने दाबून घेतले. सैल लग हा बारीक वायरीइतकाच घातक असतो. जोड दिल्यानंतर दहा मिनिटे पूर्ण लोड चालवून प्रत्येक जोडाला हाताचा मागचा भाग लावून पाहावा, आणि जो कोमटपेक्षा गरम लागेल तो पुन्हा करावा.

फ्यूज बॅटरीच्या धन टर्मिनलपासून वीतभर अंतरात असावा. तो बॅटरीला वाचवण्यासाठी नसून वायरीला वाचवण्यासाठी असतो, म्हणून त्याचा आकडा वायरीच्या क्षमतेपेक्षा कमी आणि लोडपेक्षा थोडा अधिक ठेवावा; आमच्याकडे तो सव्वाशे अँपिअरचा आहे. यात काटकसर करू नये. लिथियमची बॅटरी शॉर्ट झाली तर हजारो अँपिअर सोडू शकते, आणि स्टिरिओसाठी मिळणारा स्वस्त फ्यूज वितळल्यावरही त्याच्या दोन टोकांमध्ये ठिणगीचा पूल तसाच जळत राहू शकतो. मोठा प्रवाह तोडण्याची क्षमता लिहिलेला क्लास टी प्रकारचा फ्यूज महाग असतो, तरीही तोच घ्यावा.

अल्टरनेटरची गोष्ट याहून वाईट, कारण तिचा वास येत नाही. जुने मिस्त्री ज्याला अजून डायनामो म्हणतात, तो आमच्या गाडीत शंभर अँपिअरच्या आसपासचा आहे. शिशाची बॅटरी भरत आली की स्वतःच कमी प्रवाह घेऊ लागते, त्यामुळे अल्टरनेटरवर पूर्ण ताण काही मिनिटेच राहतो. लिथियमचा अंतर्गत अवरोध इतका कमी की मिळेल तेवढा प्रवाह ती जवळजवळ शेवटपर्यंत ओढत राहते. मोकळ्या महामार्गावर हे एक वेळ निभावते. परंतु घोडबंदर रस्त्यावर गायमुखच्या चढाला गाड्या तुंबलेल्या असताना इंजिन मंद फिरते, अल्टरनेटरला थंड करणारा त्याचा स्वतःचा पंखाही मंद फिरतो, बॉनेटखाली उष्णता साचते आणि बॅटरीची ओढ मात्र कमी होत नाही. गुंडाळी जळते ती अशा वेळी. दुसरा धोका असा की बॅटरी भरल्यावर तिच्या आतील बीएमएस (बॅटरी मॅनेजमेंट सिस्टीम, म्हणजे तिचे रक्षण करणारे सर्किट) एकदम जोड तोडते, वाहता प्रवाह अचानक अडतो आणि अल्टरनेटरचा व्होल्टेज क्षणभर उसळतो, ज्यात त्याचे डायोड जाऊ शकतात. बीएस-६ गाड्यांत आणखी उलटा प्रकार होतो : गाडीचा संगणक इंजिनची बॅटरी भरलेली पाहून अल्टरनेटरचा व्होल्टेज मुद्दाम कमी करतो, आणि मागची बॅटरी चार तासांच्या प्रवासानंतरही रिकामीच राहते.

या तिन्हींवर उपाय एकच आहे, आणि तो दोन बॅटऱ्यांच्या मध्ये बसतो : डीसी-टू-डीसी चार्जर. तो अल्टरनेटरकडून ठरलेलाच प्रवाह घेतो, येणारा व्होल्टेज कमी असला तरी मागच्या बॅटरीला हवा तेवढा करून देतो आणि इंजिन बंद झाले की स्वतः बंद होतो. आमचा तीस अँपिअरचा आहे. कल्याण-मुरबाडमार्गे माळशेजला पोहोचायला साधारण तीन तास लागतात, तेवढ्यात नव्वद अँपिअर-अवर, म्हणजे दोनशेच्या संचाचा जवळपास निम्मा भाग भरतो. बजेट आखडते असेल तर मी बॅटरी दोनशेऐवजी शंभरची घेईन, परंतु हा चार्जर वगळणार नाही.

घरी उभ्या गाडीला चार्ज करतानाही जुना चार्जर चालत नाही. घरगुती इन्व्हर्टरमध्ये ट्युब्युलर बॅटरीतल्या आम्लाचे थर मोडण्यासाठी मधूनमधून व्होल्टेज वाढवण्याची सोय असते, काही यंत्रांत पंधरा व्होल्टच्या पुढेही. चार सेलच्या लिथियम संचाची वरची मर्यादा १४.६ व्होल्ट आहे. ती ओलांडली की बीएमएस जोड तोडून बॅटरीला वाचवते, पण रोज रोज बीएमएसने वाचवावे अशी व्यवस्था ही व्यवस्था नव्हे. लिथियमसाठीचा चार्जर वेगळा घ्यावा. त्याची वायर सोसायटीच्या सामाईक मीटरवरून ओढण्यास समिती राजी होईल का, हा प्रश्न विद्युतशास्त्राच्या कक्षेबाहेरचा आहे. आमच्याकडे त्यावर दोन सभा झाल्या आणि शेवटी वेगळा सबमीटर लागला.

बीएमएस म्हणजे संचातल्या चारही सेलवर नजर ठेवणारी इलेक्ट्रॉनिक पाटी. एखादा सेल ३.६५ व्होल्टच्या वर किंवा २.५ च्या खाली जाऊ लागला, तापमान मर्यादेबाहेर गेले किंवा प्रवाह फार झाला की ती सगळा संच बंद करते. अनेकांना नवी बॅटरी खराब वाटते तो हाच प्रसंग असतो : इन्व्हर्टर जोडताक्षणी ठिणगी उडते आणि बॅटरी मृतवत होते. इन्व्हर्टरच्या आतले मोठे कपॅसिटर रिकामे असताना पहिल्या क्षणी प्रचंड प्रवाह ओढतात, त्याला बीएमएस शॉर्ट समजते. पहिल्यांदा जोडताना वायर काही सेकंद एका रेझिस्टरमधून टेकवून मग घट्ट केली की हा प्रकार टळतो.

चार्ज किती उरला हे व्होल्टमीटरवर वाचण्याची सवयही सोडावी लागते. शिशाच्या बॅटरीत १२.७ म्हणजे भरलेली आणि १२.२ म्हणजे निम्मी, हे तोंडपाठ असते. लिथियममध्ये ऐंशी टक्क्यांना १३.३ आणि चाळीस टक्क्यांना १३.१ च्या आसपास दिसते, आणि मिक्सर चालू केला तरी काटा तेवढा हलतो. तो सपाटपणा फ्रिजसाठी चांगला, माणसासाठी फसवा. त्यामुळे ऋण टर्मिनलवर शंट, म्हणजे प्रवाह मोजण्यासाठीचा अगदी कमी अवरोधाचा तुकडा, बसवून आलेला-गेलेला प्रवाह मोजणारा मीटर घ्यावा, आणि महिन्यातून एकदा बॅटरी पूर्ण भरून त्याचे शंभर टक्के पुन्हा जुळवावेत, कारण लहान लहान चुका साचून तो हळूहळू खोटे सांगू लागतो.

छतावरच्या सौर पॅनेलविषयी थोडक्यात : स्वच्छ उन्हाच्या दिवशी चारशे वॅटच्या आडव्या पॅनेलमधून दीड युनिटाच्या आसपास मिळते, जे आमच्या अकराशे वॅट-तासांना पुरून उरते. जुलैच्या झाकोळलेल्या दिवशी त्याचा तिसरा हिस्सा मिळाला तरी समाधान मानावे. पॅनेल पत्र्याला चिकटवू नये, खाली दोन-तीन बोटे हवा खेळू द्यावी, कारण तापलेले पॅनेल कमी वीज देते.

बॅटरी कुठली घ्यावी, हे विचारणारे मला कंपनीचे नाव ऐकायला उत्सुक असतात. मी त्यांना डबा उघडून दाखवायला सांगा म्हणतो. स्थानिक जोडणीच्या संचांत पुष्कळदा सहा अँपिअर-अवरचे गोल सेल असतात, म्हणजे शंभर अँपिअर-अवरसाठी सतरांची एक अशा चार ओळी, एकूण अडुसष्ट सेल, आणि त्यांना जोडणाऱ्या निकेलच्या पातळ पट्ट्यांचे शेकडो स्पॉट वेल्ड. तीन चाकी इलेक्ट्रिक रिक्षांत ते वर्षानुवर्षे चालतातही. परंतु मोठ्या चौकोनी सेलचा संच चार सेलांत आणि त्यांना जोडणाऱ्या मोजक्या जाड धातूच्या पट्ट्यांत (बसबार) संपतो, बिघडले तर कुठे बिघडले ते मल्टीमीटरने पाच मिनिटांत कळते. मी चौकोनी घेतला. एकाने मला उतरवलेल्या इलेक्ट्रिक गाडीचा संच स्वस्तात देऊ केला होता. आतले रसायन कोणते हे त्याला सांगता आले नाही, तेव्हा मी चहा पिऊन परत आलो.

तापमानाच्या बाबतीत दोन टोके लक्षात ठेवावीत. शून्य अंशाखाली लिथियम चार्ज करू नये, कारण आयन ऋण टोकाच्या ग्राफाइटमध्ये न शिरता त्यावर धातूच्या रूपाने साचू लागतात आणि ती हानी भरून येत नाही. सह्याद्रीत हा प्रश्न येत नाही, स्पितीला जाणाऱ्याने मात्र थंडीत चार्जिंग थांबवणारी बीएमएस आहे याची खात्री करून घ्यावी. आपल्याकडचा खरा शत्रू उन्हाळा आहे. मे महिन्यात उघड्यावर उभ्या गाडीचा आतला भाग पन्नास अंशांपलीकडे जातो आणि अशा उष्णतेत भरलेली बॅटरी वेगाने म्हातारी होते, म्हणून ती छताजवळच्या कप्प्यात किंवा बॉनेटखाली न बसवता बाकाखाली, जमिनीलगत, पट्ट्यांनी आवळून बसवावी.

पावसाळ्याचे चार महिने गाडी पार्किंगमध्ये उभी राहणार असेल, तर जुन्या सवयीने मागची बॅटरी भरून ठेवू नये. लिथियमला पन्नास-साठ टक्क्यांवर ठेवून मुख्य स्विच बंद केला की तिला सप्टेंबरपर्यंत कोणी विचारले नाही तरी चालते. फक्त सौर चार्जर, गॅसचा सेन्सर, शंटचा मीटर असली चिल्लर गिऱ्हाइके त्या स्विचला वगळून थेट बॅटरीला जोडलेली नाहीत ना, ते पाहावे. पुढची, इंजिन सुरू करणारी बॅटरी मात्र शिशाचीच आहे आणि तशीच राहू द्यावी. बॉनेटखालची उष्णता आणि स्टार्टरचा क्षणिक मोठा झटका यांसाठी ती योग्यही आहे. तिला दर पंधरवड्याला पूर्ण चार्ज हवा असतो. गणपतीला कोकणात निघताना ज्या गाड्या सुरू होत नाहीत, त्यांतल्या बऱ्याचशा या पुढच्या बॅटरीपायी अडतात, आणि त्या वेळी मागे ऐंशी टक्के भरलेली नवीकोरी लिथियम बाकाखाली शांत बसलेली असते.